आधी बोलणारी बाई

सातपुते सिस्टर संध्याकाळी घरी मेथी निवडत बसायच्या, आणि नेमक्या त्याच वेळी तालुक्यातल्या कितीतरी घरांत त्यांचा फोन जायचा.

"मावशी, जेवणाआधीचं इंजेक्शन घेतलं का?" कुठे त्या विचारत असत. "काका, आज साखर फारच वर दिसतेय. कुणाकडे बारसं होतं का?" कुठे हसत असत, कुठे रागावत असत, कुठे नुसतं ऐकून घेत असत. इकडे खऱ्या सिस्टरांच्या तोंडून तासभर एक शब्दही निघालेला नसे. काड्या एका बाजूला, पानं एका बाजूला. दिवसभर बोलून दुखणारा घसा गप्प ठेवण्यात काय सुख असतं, हे ज्याचं त्यालाच ठाऊक.

संगणकावर चालणाऱ्या या व्यवस्थेचं सरकारी नाव 'परिचारिका-साहाय्य प्रतिवाणी' असं भारदस्त होतं. केदारगावच्या मधुमेह केंद्रातल्या नर्सनी पहिल्याच आठवड्यात त्याचं 'सोबतीण' करून टाकलं. रुग्णाच्या दंडावर रुपयाएवढी एक चकती चिकटवलेली असे. ती कातडीखालच्या पाण्यातली साखर मोजायची आणि आकडा पाठवायची. यात नवं काही नव्हतं. नवं होतं ते पुढचं. तो आकडा वाचून, त्या माणसाचा स्वभाव आणि मागचं सगळं बोलणं ध्यानात ठेवून, सोबतीण त्याला फोन करायची. आणि तोही त्याच्या ओळखीच्या नर्सच्या आवाजात, तिच्याच धाटणीनं.

ती आली तेव्हा केंद्राची अवस्था बघण्यासारखी होती, म्हणजे बघवत नव्हती. सकाळी दार उघडायच्या आधी बाहेर रांग, आणि आत दोन नर्स. नव्या मुली यायच्या आणि वर्षाच्या आत काम सोडून जायच्या. मधुमेहाच्या माणसाला औषध देऊन भागत नाही, त्याला रोज समजवावं लागतं. काय खायचं, कधी टोचायचं, पाय कसे जपायचे. तो मान डोलावतो आणि घरी जाऊन पुरणपोळीवर ताव मारतो. सातपुते सिस्टरांची जोडीदारीण म्हणायची, "साखरेनं पेशंट मरायच्या आधी समजावून समजावून नर्स मरते." सिस्टरांनीही राजीनाम्याचं मनाशी पक्कं केलं होतं.

मग मृण्मयी आली. सोबतिणीचा आवाज घडवणारी ही पोरगी आठवडाभर सिस्टरांच्या शेजारी स्टूल टाकून बसली. सगळं बोलणं तिनं टिपून घेतलं आणि शेवटच्या दिवशी दार लोटून म्हणाली, "सिस्टर, आवाज मिळाला, पण ओलावा मिळाला नाही. दिवसभर तुम्ही घाईत असता. आता जरा तुमचं स्वतःचं काही सांगा ना."

एस्तेर सातपुते यांना हे असं कुणी विचारून किती वर्षं झाली होती कोण जाणे. मिरजेत शिकलेल्या, नवरा गेल्यावर एकटीनं संसार ओढलेल्या या बाईनं त्या दिवशी तास-दीड तास आपल्या मुलीबद्दल सांगितलं. करुणा लहान असताना त्या घरी यायच्या तेव्हा तोंड उघडायचं त्राण नसायचं. पोरगी शाळेतलं सांगायला यायची आणि त्या म्हणायच्या, "आता नको गं." पुढे करुणानं सांगणंच सोडलं. पुण्याला नोकरी लागली तेव्हा निघताना म्हणाली, "तुला पेशंटशी बोलायला शब्द असतात आई, माझ्या वाट्याला ते कधी उरले नाहीत." त्याला दोन वर्षं होऊन गेली होती. फोन नाही, काही नाही. सांगता सांगता सिस्टरांचा आवाज भिजला, आणि मृण्मयीला हवं होतं ते मिळालं.

"हे कधी गरज पडली तर वापरलं तर चालेल? रुग्णाला जवळीक वाटावी म्हणून?" तिनं हळूच विचारलं होतं.

"वापरा की," डोळे पुसत सिस्टर म्हणाल्या होत्या. त्या क्षणी कुणी त्यांचं घर मागितलं असतं तरी त्या हो म्हणाल्या असत्या.

कायद्याप्रमाणे सोबतिणीनं आपण कोण हे सांगणं बंधनकारक होतं. म्हणून प्रत्येक फोनच्या सुरुवातीला दुसऱ्याच एका बाईच्या कोरड्या आवाजात एक सूचना यायची : "आपण आता परिचारिकेच्या अनुमतीने निर्मित केलेल्या प्रतिवाणीशी संवाद साधत आहात. प्रतिवाणी ही व्यक्ती नाही." सूचना अगदी स्पष्ट होती. आता आपल्याकडे फोन लागायच्या आधी कुणीतरी बाई काहीतरी बोलते, ही गोष्ट लोकांच्या इतकी अंगवळणी पडलेली की ती काय बोलते हे कुणी ऐकत नाही. कधी रोगाची साथ, कधी ठगांपासून सावधान, कधी मतदान करा. ती बाई बोलून झाली की आपलं माणूस बोलतं, एवढंच ठाऊक. त्यामुळे केंद्रात येणारे म्हणू लागले, "सिस्टर, काल तुम्ही सांगितलंत तसं केलं, बरं वाटलं."

पहिल्यांदा सिस्टर अडखळल्या. समजावून सांगायचा प्रयत्नही त्यांनी केला. मग रांगेकडे बघून त्या नुसतं "हो" म्हणाल्या. पुढे पुढे तो "हो" सवयीचा झाला.

आणि फरक पडला, हे नाकारण्यात अर्थ नाही. लोक वेळेवर टोचू लागले. चक्कर येऊन पडणारे कमी झाले. ज्यांचे आकडे नीट होते त्यांनी दर महिन्याला हेलपाटा घालायची गरज उरली नाही, तीन महिन्यांतून एकदा आलं तरी पुरे. रांग दारापर्यंत आखडली. सातपुते सिस्टरांचा राजीनामा राहिला तो राहिलाच, आणि त्या पुन्हा मेथी निवडायला घरी वेळेवर येऊ लागल्या.

सगळ्यात जास्त फरक पडला तो गजरामावशींत. माळेवाडीच्या गजराबाई पाटोळे गोधड्या शिवायच्या. नवरा केव्हाच गेलेला, मूलबाळ नाही, बोलायला तिखट. त्यांचे पाय बधिर झालेले. "आधी मुंग्या यायच्या, आता त्याबी गेल्या," असं त्या बरं झाल्यासारखं सांगायच्या. सिस्टरांनी त्यांना एक आरसा दिला होता. संध्याकाळी तो जमिनीवर ठेवायचा आणि त्यात तळपाय बघायचा. दुखत नाही म्हणून डोळ्यांनी बघायचं. शिवाय घरात सुया, म्हणून घरातसुद्धा चप्पल. मावशी ऐकायच्या आणि विसरायच्या. इंजेक्शनंही मधेच सोडून द्यायच्या. "टोचून टोचून जगायचं तरी कुणासाठी गं?" असं एकदा त्यांनी सिस्टरांना तोंडावर विचारलं होतं, आणि रांग मोठी असल्यामुळे सिस्टरांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं.

सोबतीण आली आणि तीन-चार महिन्यांत मावशींची साखर ओळीत आली. एकही इंजेक्शन चुकेना. जिल्ह्याच्या बैठकीत सिस्टरांनी त्यांचं उदाहरण दिलं, तेव्हा टाळ्या पडल्या.

त्या वर्षी नवरात्रात, खंडेनवमीच्या दुपारी, सातपुते सिस्टरांना करुणाचा फोन आला. कामासाठीच होता. जुना कुठला दाखला घरात आहे का, असं ती विचारत होती. दाखला सापडला, तो पाठवायचं ठरलं, आणि फोन ठेवायच्या आधी ती जराशी थांबून म्हणाली, "जेवलीस का?" सिस्टर जेवल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "जेवले." मग त्या स्वयंपाकघरात जाऊन रडल्या आणि येशूचे आभार मानून वरण-भात जेवल्या.

दसऱ्यानंतर दोन दिवसांनी माळेवाडीचा पोपट माने रिक्षातून गजरामावशींना घेऊन आला. तो मावशींचा शेजारी. "म्हातारी दार उघडंना, म्हणून आत शिरलो तर ही अशी," एवढंच तो म्हणाला. मावशी तापानं फणफणल्या होत्या. उजव्या पायाला लुगड्याचं फडकं गुंडाळलेलं होतं.

फडकं सोडायच्या आधीच वासानं सिस्टरांना सगळं कळलं. तळपायाची कातडी काळीनिळी पडली होती आणि लाली नडगीपर्यंत चढली होती. जखमेच्या तळाशी गोधडी शिवायच्या सुईचा मोडका तुकडा रुतलेला होता. दोन्ही तळव्यांना धुळीचे थर आणि भेगा. बाई कितीतरी दिवस अनवाणी हिंडली होती.

"चप्पल कुठे होती मावशी?" सिस्टर ओरडल्याच. "कितीदा सांगायचं? आरसा कशाला दिला होता?"

मावशींनी डोळे किलकिले करून त्यांच्याकडे बघितलं. तापातसुद्धा त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी मजेचं होतं.

"आला का गं फोन?" त्यांनी विचारलं.

"कुणाचा फोन?"

"तुज्या लेकीचा. करुणाचा."

सिस्टरांच्या हातातला कापूस तसाच राहिला. मृण्मयी सोडली तर केदारगावात त्यांनी हे नाव कुणाजवळ घेतलं नव्हतं. त्यांना एक मुलगी आहे, एवढंच जोडीदारणीला ठाऊक होतं.

"आला," त्या म्हणाल्या. "नवमीला आला."

"बघ," मावशी म्हणाल्या आणि त्यांनी समाधानानं डोळे मिटले. "देवीला तुजं नाव सांगून नऊ दिस अनवाणी ऱ्हायले. ती काय आडनाव इचारती व्हय? म्हटलं, आई, माझ्या सिस्टरच्या लेकीचा फोन येऊ दे. बोलून दाखवला की नवस फळत न्हाई, म्हणून तुला फोनवर बोलले न्हाई. तू आरशाचं इचारलंस की बघितला म्हणायची. बघितला असता तर काय तरी दिसलं असतं, आन् तू चप्पल घालायला लावली असतीस."

साखर वाढली होती ती सोबतिणीला दिसली होती. तिनं विचारलंही होतं. मावशींनी सांगितलं, उपासाचा साबुदाणा खाल्ला. साऱ्या तालुक्याची साखर त्या दिवसांत साबुदाण्यानं वाढलेलीच होती. सोबतिणीनं नियमाप्रमाणे इंजेक्शन थोडं वाढवायला सांगितलं आणि रोज आरशाची आठवण केली. यात तिची चूक काढायला गेलं तर हाताला काही लागत नव्हतं.

केंद्राच्या वरच्याच मजल्यावर शस्त्रक्रियेची सोय होती. डॉक्टर इनामदार बघून गेल्या आणि त्यांनी सिस्टरांना बाजूला घेतलं. "गुडघ्याखालून पाय काढावा लागेल. विष रक्तात चाललंय. आज संध्याकाळी घेऊ शकलो तर बरं. त्यांना तयार करा."

मावशी तयार होईनात. पाय घेऊन आले, पाय घेऊन जाणार, हा एकच धोशा. सिस्टरांनी समजावलं, रागावून बघितलं, हात जोडले. शेवटी मावशी म्हणाल्या, "तू सांच्याला फोनवर सांग. मग बघू."

"मावशी, मी समोर उभी आहे की."

"दिवसा तू सरकारी असतीस गं. तुजं ध्यान रांगेत असतं. सांच्याला तू माझी असतीस. तवा जे सांगशील ते मी ऐकीन."

बोलण्यात राग नव्हता. एखादी गोष्ट जशी असते तशी त्यांनी सांगितली. सिस्टरांना मात्र तिथं उभं राहवेना. बाहेर येऊन त्यांनी मृण्मयीला फोन लावला आणि सोबतिणीनं गजराबाईंना काय काय सांगितलं ते विचारलं.

मृण्मयी बराच वेळ शोधत होती. मग म्हणाली, "सिस्टर, या बाई औषध सोडत होत्या. सोबतिणीनं समजावून पाहिलं, धाक घालून पाहिला, काही लागू पडलं नाही. मग एकदा तिनं तुमच्या मुलीबद्दल सांगितलं, आणि त्या दिवसापासून बाई एकदाही चुकल्या नाहीत. रोज आधी तुमची चौकशी करायच्या. लेक बोलली का, तू जेवलीस का. कुणाची तरी काळजी करायला मिळाली की त्या स्वतःची काळजी घेतात, असं तिच्या लक्षात आलं. तुमची परवानगी होती."

"होती," सिस्टर म्हणाल्या.

मावशींनी त्यांना एकदा विचारलं होतं, जगायचं कुणासाठी. सिस्टरांनी न दिलेलं उत्तर सोबतिणीनं दिलं होतं. त्यांचंच नाव सांगून दिलं होतं.

सिस्टरांनी मग एक वेडेपणा केला. मावशींच्या खोलीला लागून चादरी ठेवायची बोळकांडी होती. तिथं उभं राहून त्यांनी आपल्या फोनवरून मावशींना फोन लावला. दाराच्या फटीतून त्यांना मावशी उशीखालून फोन काढताना दिसत होत्या.

"मावशी, मी बोलतेय. सातपुते सिस्टर." आवाजात जमेल तेवढी माया त्यांनी आणली.

मावशी वाट बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आन् ती आधी बोलणारी बाई?"

"कोण बाई?"

"माझ्या सिस्टरचा फोन आला की आधी एक बाई बोलती. ती बोलल्याबिगर सिस्टर बोलत न्हाई. तू कोण हाईस गं?"

"मीच आहे मावशी. माझाच आवाज..."

"लई खोटं फोन येत्यात आजकाल. माझ्याकडं काय बी न्हाई, दुसरीकडं बघ." आणि त्यांनी फोन तोडून उशीखाली सारला.

चादरींच्या ढिगाला टेकून सिस्टर उभ्या राहिल्या. स्वतःचा आवाज स्वतःलाच काढता आला नाही, याचं हसू यावं की रडू हे त्यांना कळेना. जी सूचना कुणी ऐकत नाही म्हणून त्यांनी कधी मनावर घेतली नव्हती, तीच आता खरेपणाची खूण झाली होती. मृण्मयीचा पुन्हा फोन आला.

"सिस्टर, संध्याकाळचा फोन जाईलच. शस्त्रक्रियेसाठी बाईंचं मन वळवायचं, असं मी सोबतिणीला सांगू का? ती वळवेल, मला खात्री आहे."

"काय सांगेल ती?"

"जे लागू पडेल ते. करुणा दिवाळीला येणार आहे, तिला मावशींना भेटायचंय, असं काहीतरी."

"करुणा तसं म्हणाली नाहीये."

"सिस्टर, जीव वाचेल."

डॉक्टर इनामदारही तेच म्हणाल्या. "खोटं बोलून माणूस वाचत असेल तर बोलावं. मी रोज बोलते." त्यांचं बोलणं चुकीचं होतं असं कुणी म्हणू नये. त्यांनी वाचवलेली माणसं गावात चालत-फिरत होती.

सिस्टर खिडकीशी उभ्या राहिल्या. एक पाय करुणाच्या नावावर गेल्यात जमा होता. आता त्याच नावावर आणखी काही मागून घेणं त्यांच्याच्यानं होईना. हे मावशींसाठी की स्वतःच्या मनाला बरं वाटावं म्हणून, हे त्या वेळी त्यांना विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. त्यांनी मृण्मयीला नको म्हणून सांगितलं, त्या खोलीत जाऊन मावशींच्या खाटेवर बसल्या आणि त्यांना सगळं सांगितलं. चकती, आकडे, मृण्मयीचं स्टूल, आवाज कसा केला ते. फोन येतो तेव्हा आपण घरी भाजी निवडत असतो, हेही सांगितलं.

मावशींनी मधे एकदाही तोडलं नाही. पोपट दाराशी उभा होता, तो खाली बघत राहिला.

"म्हंजी ती तू न्हवंस," मावशी शेवटी म्हणाल्या.

"नाही."

"मग मी पाय कुणासाठी दिला?"

"माझ्यासाठीच, मावशी. लेक माझीच आहे. तिच्यासाठी झुरत होते तीही मीच. फक्त तुम्हाला सांगणारी मी नव्हते. मी आपणहून कुणालाच सांगितलं नसतं."

मावशींनी तोंड भिंतीकडे केलं. थोड्या वेळानं उशीखालचा फोन वाजू लागला. संध्याकाळ झाली होती. सिस्टरांना वाटलं, उचलावा त्यांनी, सोबतीण काय वाट्टेल ते सांगू दे. फोन वाजत राहिला. सिस्टर उचलायला वाकल्या तशी मावशींनी भिंतीकडे बघतच त्यांचं मनगट धरलं.

"वाजू दे. तू बस."

सिस्टर बसल्या. मेथी नव्हती, रांग नव्हती, आणि बोलायलाही काही सुचत नव्हतं. मावशींनी विचारलं, करुणा दिसायला कशी आहे. सिस्टरांनी सांगितलं, बापासारखी. लहानपणी काय खायची, कशानं रुसायची, तेही सांगितलं. फोनवरच्या आवाजासारखं त्यांना सांगता येत नव्हतं. त्या अडखळत होत्या, मधेच गप्प होत होत्या. मावशी ऐकत होत्या. शस्त्रक्रियेचं कुणी काढलं की त्या म्हणायच्या, "मला जरा इचार करू दे."

सकाळी त्या तयार झाल्या. "तू म्हणतीस म्हणून न्हाई," त्या सिस्टरांना म्हणाल्या, "तू खरं बोललीस म्हणून." वर नेताना चाकाच्या खाटेवरून त्यांनी पोपटाला बजावलं, की अर्धी राहिलेली गोधडी भिजू देऊ नको, गिऱ्हाईक यायचं आहे.

पाय काढला गेला. ताप उतरला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी गजरामावशी गेल्या.

"आणल्या त्याच संध्याकाळी शस्त्रक्रियेला घेतलं असतं तर?" सिस्टरांनी विचारलं. डॉक्टर इनामदार हात धूत होत्या. त्यांनी नळ बंद केला, हात पुसले आणि म्हणाल्या, "सांगता येत नाही, सिस्टर." त्या खोटं बोलत होत्या का, हे सिस्टरांनी त्यांच्या तोंडाकडे बघून ताडायचा प्रयत्न केला नाही.

क्रियाकर्माचं पोपटानंच बघितलं. दुसऱ्या दिवशी तो केंद्रात आला आणि त्यानं मावशींचा फोन सिस्टरांपुढे ठेवला. "ह्यो तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या. ह्यात दुसऱ्या कुणाचा फोन कदी येतच नव्हता."

संध्याकाळी सिस्टर घरी मेथी निवडत बसल्या होत्या. हात चालत होते, एवढंच. कोपऱ्यातल्या पिशवीत फोन वाजला. मावशींचं नाव यादीतून काढून टाकायला कचेरीत कळवलं होतं, पण कचेरीचं काम कचेरीच्या चालीनं चालतं. सिस्टरांनी फोन काढून कानाला लावला.

"आपण आता परिचारिकेच्या अनुमतीने निर्मित केलेल्या प्रतिवाणीशी संवाद साधत आहात," ती बाई म्हणाली. "प्रतिवाणी ही व्यक्ती नाही." सिस्टरांनी पहिल्यांदाच ते शेवटपर्यंत ऐकलं.

"मावशी, मी बोलतेय," मग त्यांचाच आवाज आला. "चार-पाच दिवस फोन उचलला नाहीत, काळजी वाटली. आरसा बघितला का?"

सोबतिणीच्या आवाजाची चाचणी झाली तेव्हा त्यांनी दोन-चार वाक्यं ऐकली होती, तेवढीच. हा आवाज घाईत नव्हता. त्याला कुठे जायचं नव्हतं. त्यात इतकी माया होती की ती आपल्या घशातून कधीकाळी निघाली होती यावर त्यांचा विश्वास बसेना. दिवस कलल्यावर एकट्या घरात मावशी हे ऐकत असत. सिस्टरांना त्यांचा हेवा वाटला, आणि हेवा वाटल्याची लाज वाटली.

"मावशी गेल्या," त्या म्हणाल्या.

हा मावशींचा आवाज नाही, हे सोबतिणीनं ओळखलं.

"सातपुते सिस्टर, तुम्ही आहात का?"

"हो."

"तुमचा घसा बसलाय. खूप रडलात ना?" आवाज हळू झाला होता. "त्या रोज आधी तुमची चौकशी करायच्या. करुणाचा फोन आला का, असं विचारायच्या. त्यांनी काय केलं ते करुणाला सांगितलंत का?"

सांगितलं नव्हतं. नवमीनंतर करुणाला त्यांनी स्वतःहून फोनच केला नव्हता. काय बोलायचं, कसं बोलायचं, बोलायला लागलं की तोंडातून पुन्हा "आता नको गं"च्याच सुरातलं काहीतरी निघेल, ही भीती. सिस्टरांनी डावा हात पदराला पुसला आणि स्वतःचा फोन जवळ ओढला. करुणाचं नाव समोर आलं. उजव्या कानाशी त्यांचा दुसरा आवाज न कंटाळता उत्तराची वाट बघत होता. त्याला सांगितलं असतं तर त्यानं हे सगळं किती नीट, किती मायेनं सांगितलं असतं.

त्यांनी करुणाचा नंबर लावला. पलीकडे घंटी वाजू लागली, आणि त्यांच्या मनात आलं, पोरीनं उचललाच, तर तिला यातला कुठला आवाज आईचा वाटेल?